आडनावातील ‘सर’ कसा उलगडावा : गोव्यातील सरदेसाई आणि त्याच्या जातकुळीची आडनावे

गोव्यात ‘सरदेसाई’ हे आडनाव इतके परिचयाचे आहे की त्याचा अर्थ कोणी विचारीत नाही, आणि विचारलाच तर ‘देसायांचा मुख्य’ एवढे उत्तर देऊन विषय संपवला जातो. उत्तर चूक नाही, परंतु ते अर्धेच आहे. हा ‘सर’ कोणत्या भाषेतून आला, तो गोव्यात केव्हा रुजला असेल, आडनावाच्या आरंभी दिसणारा प्रत्येक ‘सर’ तोच असतो का, आणि आपल्याच घराण्याचे आडनाव तपासावयाचे असल्यास कोणते कागद कोणत्या क्रमाने पाहावेत, हे प्रश्न त्या उत्तराने सुटत नाहीत. आडनावातील ‘सर’ ही हुद्द्याची खूण आहे, वंशाची नव्हे, हे शोध घेणाऱ्याने आधीच मनाशी पक्के करावे. वंशावळ हाती घेऊन अर्थ शोधणारे बहुधा मूळ पुरुषाच्या दंतकथेपाशी अडकतात, तर हुद्द्याचा माग काढणाऱ्याला निदान काळ, मुलूख आणि कारभार या तीन गोष्टी पडताळता येतात.

प्रथम उपसर्गाचे मूळ पाहू. ‘सर’ हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ डोके, आणि त्यावरून प्रमुख, असा आहे. संस्कृतातील ‘शिरस्’ हा त्याचा सख्खा चुलतभाऊ होय. संस्कृतात जेथे ‘श’ आहे तेथे इराणी भाषांत अनेकदा ‘स’ आढळतो, जसे शत आणि सद, श्वेत आणि सफेद, तसेच शिर आणि सर. दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळातून निघाले असले, तरी मराठीतील ‘सर’ हा ‘शिर’चा अपभ्रंश नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तो दख्खनच्या सुलतानांच्या दप्तरातून, तयार हुद्द्यांसह, आपल्याकडे आला. फारसीत ‘सर-ए-नौबत’, ‘सर-ए-लश्कर’ अशी रचना असते. मराठीने मधला ‘ए’ गाळला आणि सरनोबत, सरलष्कर असे सुटसुटीत शब्द केले. मग हा उपसर्ग इतका अंगवळणी पडला की संस्कृत किंवा देशी शब्दांनाही तो सर्रास लागू लागला. सरदेशमुख, सरपाटील, सरजोशी ही त्याची जुनी उदाहरणे आहेत, तर सरचिटणीस आणि सरन्यायाधीश ही आधुनिक. गोव्यातील सरपंचाचे पद तर 1962च्या ग्रामपंचायत कायद्यानंतरचे आहे. त्यापूर्वी पोर्तुगीज अमलात गावपातळीवर रेजिदोर हा सरकारी अधिकारी असे. म्हणून केवळ ‘सर’ दिसला एवढ्यावरून शब्द जुना ठरवता येत नाही. उपसर्ग जुना असतो, त्याच्या साहाय्याने घडलेला शब्द कालचाही असू शकतो.

काही शब्दांत ‘सर’ लपूनही बसला आहे. ‘शिरस्तेदार’ हा शब्द ऐकताच ‘शिर’ आठवते, परंतु त्याचे मूळ ‘सररिश्ता’ या फारसी शब्दात आहे. उलट, ‘सराफ’ या शब्दात उपसर्ग मुळीच नाही. तो नाणी पारखणाऱ्यासाठीचा अखंड अरबी शब्द आहे. सरळ, सरस, सरपण, सरडा या शब्दांचाही या उपसर्गाशी संबंध नाही, आणि ओलसर, काळसर यांतील शेवटचा ‘सर’ हा निराळाच प्रत्यय आहे. इंग्रजी अमलातील ‘सर’ ही पदवी लॅटिनकडून आलेली असल्यामुळे तीही येथे गैरलागू ठरते. तरीही ‘आमच्या पूर्वजांना साहेबाने सर ही पदवी दिली म्हणून आम्ही सरदेसाई’ असे सांगणारी मंडळी भेटतात. गोव्यात इंग्रजांचे राज्य नव्हते, एवढी साधी बाबही त्या वेळी विसरली जाते. मोत्यांच्या सरावरून आडनाव आले ही उपपत्तीही अशीच कानाला गोड आणि आधाराविना आहे.

उपसर्ग खरा की भासमान, हे ठरविण्याची पहिली कसोटी सोपी आहे. आडनावातून ‘सर’ काढून टाकावा आणि उरलेला भाग स्वतंत्रपणे एखादा हुद्दा किंवा आडनाव म्हणून उभा राहतो का, ते पाहावे. सरदेसाईतून देसाई, सरनाईकातून नाईक, सरपोतदारातून पोतदार, सरदेशपांडेतून देशपांडे आणि सरमुकादमातून मुकादम उरतो. हे सर्व हुद्दे आहेत, म्हणून येथे ‘सर’ हा उपसर्गच आहे. याउलट आडनावाच्या शेवटी ‘कर’ असेल तर आधी गाव शोधावे. सरंबळकरांचे सरंबळ कुडाळ तालुक्यात आहे, सरमळकरांचे सरमळे सावंतवाडी तालुक्यात आहे, आणि या नावांतील ‘सर’ हा ग्रामनामाचा भाग आहे. ग्रामनामाची व्युत्पत्ती हा वेगळा अभ्यास असून ती पदांच्या इतिहासात मिसळू नये. शिरोडकरांचा ‘शिर’ही शिरोडे या गावाचा आहे, कोणत्याही प्रमुखाचा नव्हे.

या कसोटीला काही अपवाद आहेत. ‘सरदार’मधून ‘दार’ आणि ‘सरंजामे’मधून ‘अंजामे’ उरते, आणि हे दोन्ही हुद्दे नाहीत, तरीही दोहोंत फारसी ‘सर’ आहेच. कारण हे शब्द मराठीने जोडलेले नाहीत, ते फारसीतून घडीव स्वरूपात आले. अशा वेळी दुसरी कसोटी लावावी, ती म्हणजे त्या पदापासून वतनाचे भाववाचक नाम होते का. सरदेशमुखापासून सरदेशमुखी, सरदेसायापासून सरदेसगत आणि सरदारापासून सरदारी ही नामे होतात. जुन्या कागदांत ही नामे पदधारकाच्या नावापेक्षा अधिक वेळा भेटतात, कारण भांडण व्यक्तीवरून नसून वतनावरून असे. सरदेशमुखी तर थेट वसुलीची बाब झाली. चौथाईच्या वर दहा टक्के सरदेशमुखी हा मराठ्यांचा दावा होता, आणि 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीहून या दोहोंच्या सनदा आणल्या.

तिसरी कसोटी गोव्यातील जोडआडनावांसाठी विशेष उपयोगी पडते. प्रभुदेसाई, नाईक देसाई, राऊत देसाई यांतील पहिला भाग आणि सरदेसाईतील पहिला भाग वरकरणी सारखेच वाटतात, परंतु प्रभू, नाईक आणि राऊत ही आडनावे एकेकटी वापरली जातात, ‘सर’ मात्र एकटा कोणाचेही आडनाव होत नाही. त्यामुळे पहिली रचना दोन ओळखींची जोडणी ठरते आणि दुसरी एकाच पदाची श्रेणी ठरते. प्रभुदेसायांचा अर्थ ‘देसायांचे प्रभू’ असा लावणे म्हणूनच चुकीचे आहे. प्रभू घराण्याकडे देसगत, म्हणजे देसायाचे वतन, आली, असे तेथे समजावे.

आता उपसर्गाच्या पुढील भागाकडे वळावे, कारण अर्थाचा खरा भार त्याच्यावर असतो. देसाई हा परगण्याचा वतनदार अधिकारी होता. घाटावर ज्याला देशमुख म्हणत, त्यालाच कोकणात आणि कर्नाटकात बहुधा देसाई म्हणत. दोन्ही नावांत ‘देश’ आहे, आणि येथे देश म्हणजे राष्ट्र नसून परगण्यासारखा कारभाराचा मुलूख होय. जमीन लागवडीखाली आणणे, सारा गोळा करून सरकारात भरणे, मुलखात बंदोबस्त राखणे ही त्याची कामे होती, आणि त्याबद्दल त्याला इनाम जमिनी व वसुलीतील हक्क मिळत. अशा अनेक देसायांवर जो असे तो सरदेसाई. मात्र पदाच्या नावात जेवढा अधिकार दिसतो तेवढा प्रत्यक्षात प्रत्येक वेळी असेच, असे मानू नये. वतन वंशपरंपरेने चालत असल्यामुळे काम संपल्यावरही नाव राहिले, भावाभावांत वतन वाटले गेले तेव्हा सर्व शाखांनी तेच नाव लावले, आणि पुढे हाताखाली एकही देसाई नसलेले सरदेसाई सर्वत्र दिसू लागले.

हे पद गोव्याच्या कोणत्या भागात रुजले, हे समजण्यासाठी राजवटींचा क्रम माहीत असावा लागतो. बहामनी सत्ता गोव्यात प्रथम चौदाव्या शतकात आली, नंतर सुमारे शतकभर विजयनगरचा अंमल होता, आणि 1472 मध्ये महमूद गवानाने गोवा पुन्हा बहामनी राज्यात आणला. पुढे तो आदिलशाहीकडे गेला. पोर्तुगिजांनी तिसवाडी 1510 मध्ये आणि बारदेस व साष्टी 1543 मध्ये कायमची घेतली. या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, फारसी दप्तराचा काळ तुलनेने अल्प ठरला आणि गावकारीची, म्हणजे मूळ गावकरी कुळांनी मिळून गाव चालविण्याची, जुनी व्यवस्था पोर्तुगिजांनी आपल्या कायद्यात बसवून चालू ठेवली. 1526ची सनद ही त्या व्यवस्थेची प्रसिद्ध नोंद आहे. नव्या काबिजादींची, म्हणजे नंतर जिंकलेल्या महालांची, कथा वेगळी आहे. फोंड्यावर आदिलशाही अंमल दीर्घकाळ टिकला आणि 1675 मध्ये शिवाजी महाराजांनी तो किल्ला घेतला. पुढे फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा भाग सौंदेकर (कर्नाटकातील सौंदे येथील) राजांकडे, तर पेडणे, डिचोली आणि सत्तरी हा भाग सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता, आणि हे सर्व महाल 1763 ते 1788 या काळात पोर्तुगिजांच्या ताब्यात आले. देसाई, सरदेसाई, देशप्रभू अशी महालाच्या वतनांवरून आलेली आडनावे याच महालांत अधिक आढळतात, याचे कारण हेच आहे.

या इतिहासावरून एक व्यवहारोपयोगी नियम मिळतो. आपल्या घराण्याला बहामनींआधीच्या कदंब राजांनी ‘सरदेसाई’ ही पदवी दिली, असे कोणी सांगत असेल तर ते स्वीकारू नये. घराणे तितके जुने असू शकेल, जमीनही तितकी जुनी असू शकेल, परंतु फारसी उपसर्ग कदंबांच्या दप्तरात असणे शक्य नाही. तेथे घराण्याचे वय आणि आडनावाचे वय वेगळे मोजावे लागते.

सरदेसाई हे पद किती मोठे होऊ शकत होते, याचे उत्तम उदाहरण गोव्याच्या सीमेवरच आहे. सावंतवाडीचे भोसले हे कुडाळ प्रांताचे सरदेसाई म्हणून ओळखले जात, आणि संस्थानिक झाल्यावरही ती ओळख त्यांच्या नावाशी राहिली. सत्तरीचे राणेही पूर्ण नावात ‘राणे सरदेसाई’ असे लावीत. 1852 मध्ये पोर्तुगिजांविरुद्ध उठाव करणारे दीपाजी राणे हे याच सत्तरीतले. येथे राणे ही कुळाची ओळख आणि सरदेसाई ही पदाची, असा स्पष्ट भेद दिसतो. एखाद्या कागदात नुसते राणे आणि दुसऱ्यात नुसते सरदेसाई आढळल्यास ती दोन घराणी समजण्याची घाई करू नये. जमिनीच्या दाव्यात पदाचे नाव पुढे येते, लग्नाच्या याद्यांत कुळाचे.

कागदांकडे वळताना सर्वांत मोठा अडसर लेखनाचा असतो, आणि त्यावर थोडा अधिक वेळ द्यावा हे योग्य. पोर्तुगीज लेखनात दोन स्वरांमधील एकेरी ‘एस’चा उच्चार ‘झ’ होतो. देसाईचा ‘देझाई’ होऊ नये म्हणून त्या दप्तरांत देसाई आणि सरदेसाई ही आडनावे दुहेरी ‘एस’ने लिहिली गेली, आणि गोव्यात आजही अनेक जण तसेच लिहितात. मडगावात जन्मलेले, 1971च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात द्विशतक काढणारे क्रिकेटपटू दिलीप सरदेसाई यांचे आडनाव मात्र एकेरी ‘एस’ने प्रसिद्ध झाले. तेव्हा रोमन लिपीतील या फरकावरून घराणी वेगळी ठरवू नयेत. तो फरक कारकुनाच्या शाळेचा आहे. देवनागरीतही मराठीत ‘सरदेसाई’ आणि कोंकणीत ‘सरदेसाय’ अशी दोन रूपे चालतात.

पोर्तुगीज नोंदींत इतर नावेही अशीच वेश बदलून येतात. प्रभूचे ‘पोरोबो’, कामतचे ‘कामोतीम’, शेणवीचे ‘सिनाय’, विष्णूचे ‘विस्नुम’ आणि रामचंद्राचे ‘रामचोंद्र’ होते. शेवटी येणारा ‘एम’ बहुतेक वेळा केवळ अनुनासिकाची खूण असते, ‘अ’च्या जागी ‘ओ’ येतो, ‘श’साठी ‘एक्स’ वापरलेला असतो आणि ‘क’साठी ‘सी’ किंवा ‘क्यू-यू’. सूची चाळताना म्हणून एकाच अक्षराखाली पाहून थांबू नये. सरदेसाई एका ठिकाणी एकत्र, दुसऱ्या ठिकाणी ‘सर’ आणि ‘देसाई’ असा तोडून लिहिलेला असतो आणि अशा वेळी तो ‘डी’ अक्षराखाली गेलेला असण्याचा संभव असतो. शिवाय पोर्तुगीज पद्धतीच्या सूच्या पुष्कळदा आडनावाने न लावता व्यक्तीच्या पहिल्या नावाने लावलेल्या असतात. ज्याला आजोबांचे नाव माहीत आहे पण ते पोर्तुगीज लेखनात कसे दिसेल हे माहीत नाही, त्याची संपूर्ण सकाळ एका रजिस्टरवर जाते.

शोधाचा क्रम नेहमी वर्तमानाकडून भूतकाळाकडे असावा. प्रथम घरातील जन्मदाखले, विक्रीखते आणि वारसाहक्काच्या इन्व्हेंटरीची कागदपत्रे पाहावीत. गोव्यात मालमत्तेच्या वाटणीसाठी इन्व्हेंटरी होत असल्यामुळे त्या एका संचात तीन पिढ्यांची नावे, नाती आणि जमिनींची नावे सहज सापडतात, आणि बाहेरच्या मुलखात हे साधन सहसा मिळत नाही. त्यानंतर तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयातील जन्म व विवाहाच्या नोंदी पाहाव्यात. जमिनीचा एक-चौदाचा उतारा अलीकडच्या कबजेदारांपुरता उपयोगी आहे, पदाच्या इतिहासाला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

देवस्थानची महाजन-यादी, म्हणजे देवळाच्या कारभारात वंशपरंपरेने हक्क असलेल्यांची यादी, मात्र अवश्य पाहावी. गोव्यात देवळांच्या कारभाराला पोर्तुगीज काळापासून लेखी नियमावली आहे आणि महाजनांची नावे कुळवार नोंदलेली असतात. घराणे कोणत्या देवळाचे महाजन आहे, कोणत्या देवाचे कुळावी (कुळदेव मानणारे भक्त) आहे आणि गावकारीत कोणत्या वांगडाचे (कुळगटाचे) आहे, या तीन गोष्टी समजल्या की मूळ गाव बहुधा निश्चित होते. घरातील वृद्धांना आडनावाचा अर्थ विचारण्यापेक्षा याच तीन गोष्टी विचाराव्यात. अर्थ ते ऐकीव सांगतील, पण पालखीच्या दिवशी आपल्या घराण्याचा मान कोणता आणि तो कोणाच्या नंतर येतो, हे ते अचूक सांगतात, आणि वतनाची खूण बहुतेक वेळा त्या मानातच असते.

त्यापलीकडचा शोध पणजीच्या पुराभिलेख खात्यात घ्यावा लागतो. तेथील दप्तराची सुरुवात 1595 पर्यंत मागे जाते, परंतु सरदेसाई आडनावाच्या अभ्यासकाने सोळाव्या शतकातील कागदांवर आशा ठेवू नये. त्याला उपयोगी पडणारे कागद मुख्यतः नव्या काबिजादी पोर्तुगिजांकडे आल्यानंतरचे, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे असतात, कारण जुन्या वतनदारांचे हक्क मान्य करावयाचे की नाहीत, हा प्रश्न नव्या राज्यकर्त्यांना तेव्हाच पडला. सावंतवाडीच्या अमलाशी संबंधित घराण्यांनी महाराष्ट्रातील दप्तरेही पाहावीत.

मराठी कागद बहुधा मोडीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही आणि शब्द न तोडता ओळ सलग लिहिली जाते. त्यामुळे ‘सर’ ही दोन अक्षरे मागील शब्दाची आहेत की पुढील पदाची, हे संदर्भाशिवाय ठरत नाही. ज्या ओळीत शंका असेल, तेथे त्याच कागदात पुढे ‘सरदेसगत’ किंवा ‘सरदेसाई यांचा हक्क’ असा उल्लेख आहे का ते शोधावे. तो असल्यास वाचन पक्के समजावे, नसल्यास टिपणात प्रश्नचिन्ह ठेवावे आणि ते मोडी जाणणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घेतल्याशिवाय पुसू नये.

सोयरिकीच्या बोलण्यांत आडनावावरून जात, गोत्र आणि कुळदेव ताडण्याची सवय आपल्याकडे आहे. सरदेसाई या आडनावाच्या बाबतीत ती सवय हमखास फसवते. हे पद निरनिराळ्या मुलखांत निरनिराळ्या समाजांतील घराण्यांकडे होते. सारस्वत सरदेसाई आहेत, कऱ्हाडे आहेत, मराठा आहेत, आणि त्यांचे एकमेकांशी नाते असण्याचे काही कारण नाही. देसाई हे आडनाव गुजरातपासून कर्नाटकापर्यंत पसरले आहे, त्याचेही हेच कारण आहे. कुळदेव देवळाच्या यादीत शोधावा, गोत्र घरच्या भटजींना विचारावे, आडनावाकडून फक्त पूर्वजांचे काम समजून घ्यावे.

हीच पद्धत सरनाईक, सरपोतदार किंवा सरजोशी यांनाही लागू पडते, मात्र प्रत्येकाचे दप्तर निराळे आहे. पोतदार हा नाणी पारखून खजिन्यात भरून घेणारा, म्हणून सरपोतदारांचा माग महसूल व खजिन्याच्या कागदांत लागतो. जोशीपण हे ग्रामवतन, म्हणून सरजोशींचा माग देवस्थान आणि इनाम जमिनींच्या कागदांत. नाईक हा शब्द लष्करी तुकडीच्या म्होरक्यापासून व्यापाऱ्यापर्यंत इतक्या लोकांना लागला आहे की सरनाईकांनी आधी आपल्या मुलखात नाईक म्हणजे नेमके कोण होते, हे ठरवूनच पुढे जावे. सापडलेल्या प्रत्येक नोंदीचे वर्ष, लिपी, आडनावाचे जसेच्या तसे लेखन आणि नोंद कोणत्या कामासाठी झाली, या चार गोष्टी एकाच वहीत ओळीने लिहून ठेवाव्यात, कारण एकाच व्यक्तीचे नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिले गेल्याचे अशी वही समोर असली तरच ध्यानात येते.